सेन्सेशन आणि पर्सेप्शन: अकरावीची मुलं परत परत विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात डिचोली भागात अकरावी-बारावीला सायकॉलॉजी शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, घरी कोकणी, पुढे सगळं इंग्रजी, आणि हा धडा आला की शब्दांच्या जंगलात हरवतात. खरं तर पूर्ण पुस्तकात सगळ्यात जवळचा धडा हाच आहे, कारण ह्यातलं जवळजवळ सगळं स्वतःच्या घरात करून बघता येतं. म्हणून दरवर्षी येणारे प्रश्न एकदा नीट लिहून काढले.

सेन्सेशन आणि पर्सेप्शन ह्यात नेमका फरक काय? दोन्ही एकच वाटतं.

सकाळी साडेसहाला अंथरुणात पडलेले असता तेव्हा बाहेर पों पों वाजतं. हवेतल्या लहरी कानाच्या पडद्यावर आपटल्या, आतल्या कानातल्या कॉक्लिया नावाच्या भागातल्या बारीक केसांसारख्या पेशी हलल्या, मज्जातंतूतून सिग्नल मेंदूकडे गेला, इथपर्यंतचं झालं सेन्सेशन. आणि "पोदेर आला, आज उंडे संपायच्या आत उठायला हवं" हे झालं पर्सेप्शन (पोदेर म्हणजे हॉर्न वाजवत घरोघर पाव विकायला येणारा, उंडे म्हणजे त्याच्याकडचे गोल पाव). म्हणजे आवाज आत येणं वेगळं आणि त्याला अर्थ लागणं वेगळं. केरळमधून पहिल्यांदाच गोव्यात आलेला पाहुणा तुमच्या शेजारच्या खोलीत झोपलाय असं समजा, त्याच्या कानात तोच आवाज तसाच जातो, पण त्याला पाव दिसत नाही, त्याला कुठल्यातरी गाडीचा हॉर्न ऐकू येतो. सेन्सेशन सारखं, पर्सेप्शन वेगळं. एवढं एक उदाहरण डोक्यात बसलं तरी अर्धा धडा झाला असं मी मुलांना सांगते.

त्याच पों पोंवरून पोदेर घराच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या हेही आपल्याला कळतं ना, ते कसं? आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात किंचित उशिरा पोचतो, तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि लांबच्या कानात डोक्याच्या आडोशामुळे आवाज थोडा हळू पडतो. मेंदू ह्या दोन गोष्टींवरून दिशा ठरवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ह्यांना मराठीत काय म्हणायचं?

मराठी पुस्तकांत बहुतेक ठिकाणी सेन्सेशनला वेदन आणि पर्सेप्शनला संवेदन म्हणतात. गोंधळ इथेच होतो, कारण रोजच्या बोलण्यात वेदना म्हणजे दुखणं. इथे वेदनचा दुखण्याशी संबंध नाही, विद् म्हणजे जाणणे त्यातून आलेला शब्द आहे. त्यात हिंदी पुस्तकं सेन्सेशनलाच संवेदना म्हणतात आणि पर्सेप्शनला प्रत्यक्षण, त्यामुळे हिंदी व्हिडिओ बघून मराठी नोट्स काढल्या की सगळं उलटंपालटं होतं. मी इथे सरळ सेन्सेशन-पर्सेप्शनच लिहिते.

इंद्रियं पाचच ना?

पाच ही बाहेरची, डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. त्याशिवाय आतली दोन धरायची. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावून बघा, लागतं बरोबर, कारण हात कुठे आहे हे स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात, हा किनेस्थेटिक सेन्स. दुसरा तोल सांभाळणारा व्हेस्टिब्युलर सेन्स, त्याचं यंत्र आतल्या कानात असतं. चोर्ला घाटात वळणांवर मोबाईल बघत बसलं की मळमळतं त्याचं कारण हेच, डोळे सांगतात सगळं स्थिर आहे आणि आतला कान सांगतो आपण हलतोय, दोघांचं जुळत नाही.

ट्रान्सडक्शन म्हणजे?

प्रकाश, आवाज, वास, दाब ह्यातलं काहीच मेंदूला थेट कळत नाही. त्याला फक्त मज्जातंतूंतले विजेचे सिग्नल कळतात. बाहेरच्या ऊर्जेचं ह्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं म्हणजे ट्रान्सडक्शन, आणि ते काम रिसेप्टर पेशी करतात. झालं, एवढंच आहे.

ॲब्सोल्यूट थ्रेशोल्डच्या व्याख्येत ५० टक्के का येतात?

कारण जाणवणं हे बटणासारखं चालू-बंद नसतं. अगदी मंद आवाज तुम्हाला दहा वेळा ऐकवला तर कधी ऐकू येईल कधी नाही, तुमचं लक्ष, थकवा, बाहेर पावसाचा आवाज ह्यावर ते बदलतं. म्हणून असं ठरवलंय की निम्म्या वेळा जाणवेल इतकी कमीत कमी तीव्रता म्हणजे ॲब्सोल्यूट थ्रेशोल्ड. पुस्तकांत १९६२ पासून काही उदाहरणं चालत आलीत, शांत खोलीत सहा मीटरवरच्या घड्याळाची टिकटिक, साडेसात लिटर पाण्यात चमचाभर साखर, आणि काळोख्या स्वच्छ रात्री ४८ किलोमीटरवरची मेणबत्ती. मेणबत्तीचं मात्र जरा सांभाळून, त्या हिशेबाने म्हापशात पेटवलेली मेणबत्ती मडगावच्या पलीकडून दिसायला हवी! खगोलशास्त्रज्ञांनी नंतर ताऱ्यांच्या तेजाशी ताडून बघितलं तर साध्या डोळ्यांनी ती सुमारे अडीच किलोमीटरपर्यंतच दिसेल असं निघालं. पेपरात उदाहरण मागितलं तर घड्याळाचं लिहा.

आणि डिफरन्स थ्रेशोल्ड? वेबरचा नियम डोक्यावरून जातो.

नियम म्हणून वाचला तर जाणारच. फरक जेमतेम कळायला लागते ती कमीत कमी भर म्हणजे डिफरन्स थ्रेशोल्ड. हातात धरून बघा. पिशवीत एक किलो तांदूळ आहे, त्यात किती घातले की पिशवी जड झाली असं हाताला कळेल? वजनासाठी हे प्रमाण साधारण ५० पैकी १ धरतात, म्हणजे किलोला सुमारे २० ग्रॅम. आता तेच २० ग्रॅम भरलेल्या गॅस सिलिंडरवर ठेवले तर कोणालाही कळणार नाही, तिथे ३० किलोला सुमारे ६०० ग्रॅम लागतील. फरक कळायला किती भर लागेल हे आधी किती होतं त्यावर ठरतं, आणि ते प्रमाण स्थिर राहतं, हाच वेबरचा नियम. अर्न्स्ट वेबरने हे १८३० च्या दशकात जर्मनीत वजनं उचलायला लावून दाखवलं आणि फेक्नरने १८६० मध्ये त्यावर सायकोफिजिक्स नावाची शाखाच उभी केली. मनातली गोष्ट मोजता येते हे पहिल्यांदा ह्या माणसांनी दाखवलं, ते मला फार मोठं वाटतं. फक्त अगदी कमी किंवा अगदी जास्त तीव्रतेला हे प्रमाण टिकत नाही, हे एक वाक्य उत्तरात टाका.

ॲडॅप्टेशन आणि हॅबिच्युएशन एकच का?

नाही, आणि परीक्षेत हमखास गोंधळ होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत शिरलं की पहिल्यांदा वास नाकात भरतो, दहा मिनिटं खारे बांगडे निवडत बसलं की तो वास जवळपास नाहीसा होतो, मग बाहेर जाऊन परत आलं की पुन्हा येतो. वासाचे रिसेप्टर सततच्या त्याच उत्तेजनाला कमी प्रतिसाद द्यायला लागतात, हे सेन्सरी ॲडॅप्टेशन. उलट वर्गातल्या पंख्याचा आवाज, तो ऐकू यायचा थांबलेला असतो पण मी आत्ता "पंखा" म्हटलं की लगेच ऐकू येतो. म्हणजे कान काम करतच होता, मेंदूने तिकडे लक्ष देणं सोडलं होतं, हे हॅबिच्युएशन. ओळखायची सोपी खूण सांगते, नुसतं मनात आणून परत जाणवलं तर हॅबिच्युएशन, कितीही मनात आणलं तरी जाणवत नसेल तर ॲडॅप्टेशन.

लाईट गेल्यावर आधी काही दिसत नाही, मग हळूहळू दिसायला लागतं, असं का?

पावसाळ्यात आमच्याकडे हा प्रयोग आठवड्यातून दोनदा फुकटात होतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात, कोन्स साधारण ६० लाख आणि रॉड्स साधारण १२ कोटी. कोन्स उजेडात काम करतात, रंग आणि बारीकसारीक तपशील त्यांचं काम. रॉड्सना रंग कळत नाहीत पण अगदी कमी उजेड पुरतो. रॉड्समध्ये रोडोप्सिन नावाचं द्रव्य असतं ते प्रखर उजेडात फुटून जातं आणि काळोखात परत तयार व्हायला वेळ लागतो. पहिली आठ-दहा मिनिटं कोन्सच काय ती सुधारतात, मग रॉड्स पुढे येतात, पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो. मध्येच कोणी मोबाईलचा टॉर्च तोंडावर मारला की रॉड्सची मेहनत बरीचशी वाया. उजेडात परत यायला मात्र एक-दोन मिनिटं पुरतात.

ह्यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. अंगणात लाल जास्वंद असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला तिच्यासमोर उभं राहा. दुपारी फूल पानांपेक्षा उठून दिसतं. जसजसा उजेड उतरतो तसं लाल फूल काळपट होत जातं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटायला लागतात. फुलाचा रंग काही उतरलेला नसतो, डोळ्याने कोन्सकडून रॉड्सकडे कारभार सोपवलेला असतो आणि रॉड्सना तांबडा प्रकाश फार कमी जाणवतो. ह्याला पुर्किंये शिफ्ट म्हणतात. मी गेली कित्येक वर्षं बघतेय आणि अजून बघत उभी राहते.

ब्लाइंड स्पॉट खरंच असतो? मग भोक का दिसत नाही?

असतो. मज्जातंतू डोळ्यातून जिथे बाहेर पडतो तिथे रॉड्स नाहीत, कोन्स नाहीत. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे साडेसात सेंटीमीटरवर ठिपका काढा, डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद साधारण २५ ते ३० सेंटीमीटरच्या आसपास पुढे-मागे करा, एका जागी ठिपका गायब होतो. पण तिथे काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो! रेघांच्या वहीवर काढलात तर रेघा सलग दिसतात. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदूने ती जागा भरून काढलेली असते. मुलं इथे ओरडतातच, दरवर्षी.

तिखट ही चव आहे की नाही?

नाही. चवी पाच, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे शिजवलेल्या मासळीत, मशरूममध्ये, टोमॅटोत जो भरीव स्वाद असतो तो, जपानमधल्या किकुनाए इकेदाने तो १९०८ मध्ये वेगळा काढून दाखवला. आयुर्वेदातल्या षड्रसांत तिखट आहे, ती मांडणी वेगळी, तिची आणि रिसेप्टरच्या मांडणीची सरमिसळ करू नका.

तिखट हा जळण्याचा, म्हणजे उष्णता आणि वेदनेचा अनुभव आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला चिकटतं तो एरवी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गरम लागलं की चालू होतो, त्यामुळे काणकोणची खोला मिरची असो की पेडण्याची हरमल, मेंदूला निरोप तोच जातो, तोंड भाजलं! म्हणून घाम फुटतो, म्हणून डोळ्याला लागली तर तिथेही जळतं, डोळ्याला काय चव कळते? हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस ह्यांना आर्डेम पॅटापुटियन ह्यांच्यासोबत २०२१ चं नोबेल मिळालं.

आता तिरफळ. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तिरफळं असतात, कधी एखादं दाताखाली आलं की ओठ आणि जिभेचं टोक झिणझिणतं, जणू आत काहीतरी बारीक थरथरतंय. ते जळणं नव्हे आणि चवही नव्हे, तो स्पर्श आहे. तिरफळाचीच चीनमधली एक बहीण आहे सेचुआन मिरी, तिच्यावर लंडनमध्ये प्रयोग झाला, लोकांच्या ओठाला ती लावली आणि बोटाला थरथरणारं यंत्र, आणि दोन्ही थरथर सारखी वाटेल असं जुळवायला सांगितलं, तर ओठावरची थरथर सेकंदाला सुमारे ५० वेळा भरली. त्यातलं द्रव्य कंपन ओळखणाऱ्या स्पर्शतंतूंना जागं करतं. ताटावर बसून हुमणाचा एक घास खाताना चव, वास, उष्णतेचा भास आणि स्पर्श असं सगळं एकदम येतं आणि आपण म्हणतो "चव बरी आलीय". सर्दीने नाक चोंदलं की तीच आमटी बेचव लागते कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा.

आणि हो, जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड मागे कडू, तो खोडून टाका. १९०१ च्या एका जर्मन अभ्यासाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो पुस्तकांत शिरला. पाचही चवी जिभेवर जिथे स्वादकलिका आहेत तिथे सगळीकडे कळतात.

अटेन्शनचा इथे काय संबंध?

इंद्रियांतून येणारं सगळं अर्थापर्यंत पोचत नाही, त्यातलं निवडलं जातं. जत्रेच्या गर्दीत फेरीवाले, लाउडस्पीकर, पिपाण्या ह्यात काहीच धड ऐकू येत नसतं पण कोणी मागून तुमचं नाव घेतलं की मान वळते. कॉलिन चेरीने १९५३ मध्ये ह्यावर काम केलं, कॉकटेल पार्टी इफेक्ट म्हणतात त्याला. आणि उलट बाजू १९९९ चा गोरिलावाला प्रयोग, बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या साधारण निम्म्या लोकांना समोरून छाती बडवत गेलेला गोरिला दिसलाच नाही. डोळ्यावर चित्र पडलं होतं. स्कूटर चालवताना फोनवर बोलणाऱ्याला समोरची गाय "दिसली नाही" म्हणतात तेव्हा तो खोटं बोलत नसतो, खरंच दिसलेली नसते, आणि म्हणूनच हँड्सफ्रीने काम भागत नाही. हे मी वर्गात दरवर्षी दोनदा सांगते कारण माझ्या मुलांतली निम्मी दुचाकीवर येतात.

बॉटम-अप आणि टॉप-डाऊन?

आलेल्या माहितीचे तुकडे जोडत वर अर्थापर्यंत जाणं ते बॉटम-अप, आधीच्या अनुभवावरून आणि अपेक्षेवरून अर्थ खाली लादणं ते टॉप-डाऊन. डॉक्टरांची चिठ्ठी आपल्याला वाचता येत नाही आणि फार्मसीवाल्याला येते, तो नुसती अक्षरं वाचत नसतो, कुठली औषधं असू शकतात हे त्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात दोन्ही एकदमच चालतात.

अपेक्षेचा विषय निघाला की मला पणजीतला आबे फारियाचा पुतळा आठवतो. हा कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला आपला माणूस, पॅरिसला जाऊन संमोहन करायचा, आणि त्या काळात सगळे म्हणत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती निघते, तेव्हा ह्याने सांगितलं की तसं काही निघत नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून, सूचनेतून आणि अपेक्षेतून घडतं. धड्यात त्याचं नाव नाही पण पुतळ्यासमोरून जाताना हे माहीत असावं.

गेस्टाल्ट नियम पाठ होत नाहीत.

पाठ करू नका, चवथीला माटोळीखाली उभे राहा. आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली, तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, काकड्या, चिबूड, तोरंजन, आंबाडे, तांबडी कवंडळं, शंभरेक वस्तू बांधलेल्या. तुम्हाला शंभर वस्तू दिसतात का? नाही, एक माटोळी दिसते. सुट्या तुकड्यांऐवजी असा अखंड आकार दिसणं म्हणजेच गेस्टाल्ट. मग नजर लागते तशी तांबडी कवंडळं लांब लांब बांधलेली असली तरी एकमेकांची वाटतात, हा साम्याचा नियम. जवळजवळ टांगलेले आंबाडे एक झुबका होतात, हा समीपतेचा. पानाआड काकडीचा मधला भाग झाकला गेला तरी दोन तुकडे दिसत नाहीत, सलग एक काकडी दिसते, हे सातत्य. चौकटीचा कोपरा पानांनी झाकला तरी चौकट पूर्णच वाटते, हे क्लोजर. गणपतीकडे बघितलं की माटोळी पार्श्वभूमी होते, माटोळीकडे बघितलं की मूर्ती मागे जाते, फिगर-ग्राउंड. एका मुलीने मागच्या वर्षी स्वतःच्या घरच्या माटोळीचा फोटो काढून त्यावर पेनाने हे सगळं दाखवून आणलं, मी तो अजून ठेवलाय.

गेस्टाल्टची सुरुवात १९१२ मध्ये मॅक्स वर्थायमरने केली ती हालचालीच्या भासावरून. देवळाच्या जत्रेला कमानीवर बल्बच्या माळा धावताना दिसतात ना, एकही बल्ब जागचा हलत नाही, फक्त एकामागोमाग एक पेटतात आणि विझतात, धाव आपल्या डोक्यात होते. तोच फाय फेनॉमेनन.

कॉन्स्टन्सी म्हणजे काय?

डोळ्यावरचं चित्र बदलतं पण वस्तू तीच वाटते. फेरीबोट लांब जाताना डोळ्यातली तिची प्रतिमा लहान होत जाते, आपल्याला बोट आकसतेय असं वाटत नाही, लांब चाललीय असं वाटतं. उघडं दार बाजूने बघितलं तर पडद्यावर चौकोन वाकडा पडतो तरी दार आयताकृतीच. हे आकारमान आणि आकार झाले. रंगाचं सांगते. माझ्या मावशीचा मोतीबिंदू काढला, पट्टी निघाल्यावर घरी आली आणि बैठकीची निळी भिंत बघून म्हणाली, नवा रंग कधी काढलात गे? कोणी काढला नव्हता. तिच्या डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत गेलं होतं, निळा प्रकाश अडत होता, पण ते इतकं हळू झालं की मेंदू जुळवून घेत राहिला आणि भिंत तिला निळीच दिसत राहिली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ती एक डोळा झाकून मग दुसरा झाकून भिंतीकडे बघत बसली आणि आम्हाला सांगत होती, हा निळा, हा मळका.

डोळ्यावरचं चित्र सपाट, मग खोली कशी कळते?

जवळचं असेल तर दोन डोळ्यांच्या दोन किंचित वेगळ्या प्रतिमांवरून, रेटिनल डिस्पॅरिटी, आणि डोळे आत किती वळवावे लागतात त्यावरून, कन्व्हर्जन्स. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा म्हणजे किंमत कळेल. लांबचं असेल तर एका डोळ्यालाही पुरतील अशा खुणा असतात, त्या सगळ्या डिचोलीहून वाळपईला जाणाऱ्या कदंबा बसच्या खिडकीत मिळतात. पुढचं झाड मागचं घर झाकतं म्हणजे झाड जवळ. रस्त्याच्या कडा पुढे जाऊन मिळाल्यासारख्या वाटतात. सह्याद्री निळसर धूसर दिसतो म्हणजे लांब. जवळचे माड भराभर मागे पळतात आणि डोंगर आपल्याबरोबर चालतो, मोशन पॅरलॅक्स.

इल्युजन म्हणजे डोळ्यांचा दोष का?

अजिबात नाही, आणि हॅलुसिनेशनही नाही. इल्युजनमध्ये वस्तू असते पण अर्थ चुकतो, हॅलुसिनेशनमध्ये वस्तूच नसते. इल्युजन निरोगी माणसाला होतात आणि बहुतेक सगळ्यांना सारखी होतात.

पावसात आम्ही मुलांना घेऊन हरवळ्याच्या धबधब्याला गेलो होतो. मी म्हटलं, पडणाऱ्या पाण्यातल्या एकाच जागी मिनिटभर नजर धरा, बोलू नका, मग पटकन बाजूच्या खडकाकडे बघा. मिनिटभर सगळे गप्प, मग एकदम गलका, टीचर, खडक वर चाललाय! खडक वर सरकतो पण जागचा हलतही नाही, असं विचित्र दिसतं ते. खाली जाणारी हालचाल ओळखणाऱ्या पेशी दमतात, वरच्या हालचालीच्या ताज्या असतात, तोल त्यांच्याकडे झुकतो. रॉबर्ट ॲडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या धबधब्यापाशी हेच लिहून ठेवलं होतं.

पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून उगवताना मोठा दिसतो तोही भास. हात लांब करून करंगळीच्या नखाने तो झाका, मग रात्री डोक्यावर आल्यावर परत झाका, तेवढाच असतो, सुमारे अर्धा अंश. कारणाबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, क्षितिजावर आकाश लांब वाटतं म्हणून हे जास्त सांगितलं जाणारं उत्तर. आणि बाणांच्या टोकांची म्युलर-लायर आकृती, जिच्यात सारख्याच लांबीच्या दोन रेघा टोकांवरच्या बाणांमुळे लहान-मोठ्या दिसतात, ती १८८९ ची, तिच्याबद्दल १९६६ च्या अभ्यासात असं दिसलं की काटकोनी घरांत आणि खोल्यांत वाढलेल्यांना भास जास्त होतो, आफ्रिकेतल्या काही समाजांत फार कमी. ह्या कारणावरही मतभेद आहेत, पण कुठे वाढलो त्याप्रमाणे साध्या दोन रेघा वेगळ्या दिसू शकतात ही गोष्ट पेपरासाठी नाही तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पेपरात उदाहरण पुस्तकातलंच लिहायचं का?

नाही, स्वतःचं लिहा, फक्त इंग्रजी संज्ञा अचूक आणि व्याख्या आधी. पोदेर, माटोळी म्हणजे काय ते चार शब्दांत सांगा. आणि ब्लाइंड स्पॉटची आकृती काढताना फुली-ठिपक्यामधलं अंतर पट्टीने मोजा, अंदाजे काढलं तर ठिपका गायब होतच नाही आणि मग मला सांगतात की प्रयोग चुकीचा आहे.